‘खमंग’ म्हणताना नाक का घुमतं?

पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. गेली सात वर्षं घरून भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीला अनारसे करून विकते. मदतीला दोन बायका आहेत. आता पुण्या-मुंबईहूनही मागणी येते, म्हणून पाकिटं नव्यानं छापायची आहेत. आजवर पाकिटावर एवढंच असायचं : “आमचे येथे उत्कृष्ट दर्जाचे, स्वच्छतापूर्वक बनविलेले खाद्यपदार्थ योग्य दरात उपलब्ध आहेत.” भाचा मार्केटिंग शिकतोय. तो म्हणतो, मावशी, हे कुणी वाचत नाही, शब्दांचा नाद माणसाला खेचतो. त्यानं भडंगासाठी लिहून दिलंय : “चविष्ट, चटकदार, चमचमीत, चटपटीत भडंग!” आणि चिवड्यासाठी : “चवदार चिवडा, चार घास जास्त!” ऐकायला बरं वाटतं. पण यजमान म्हणतात, ही नुसती शब्दांची भूल, माल चांगला असला की झालं. मलाही आतून वाटतं, की आवाजाच्या जोरावर कुणाला काही घ्यायला लावणं ही फसवणूकच नाही का? नादाचा खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो करावा का?

— एक भडंगवाली, मिरज

उत्तर

प्रिय ताई,

दोन प्रश्नांपैकी फसवणुकीचा आधी घेते, कारण पत्रातली खरी घालमेल त्याचीच दिसते.

बाजारातून चुरमुऱ्यांचं पोतं आलं की तुम्ही काय करता? मूठभर तोंडात टाकता आणि ऐकता. वाजले तर ठीक, नाही वाजले तर मंद आचेवर परतून घेता किंवा पोतं परत पाठवता. म्हणजे माल कसा आहे हे तुम्ही स्वतः कानानं ठरवता. गिऱ्हाईकही तेच करणार असतं, पण त्याच्या हातात बंद पाकीट असतं. आतला आवाज त्याला ऐकू येत नाही. नेमका शब्द तो आवाज पाकिटाबाहेर आणतो. आत जे वाजतंय ते बाहेर ऐकू येऊ देणं यात लबाडी नाही. आत नसलेला आवाज बाहेर काढला, तर ती लबाडी. मला जे सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

खाण्यात कानाचा वाटा किती मोठा असतो, हे २००४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी तपासून पाहिलं. लोकांच्या कानांना हेडफोन लावले, बटाट्याचे वेफर खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना कमी-जास्त करून ऐकवला. वेफर सगळे एकाच जातीचे, एकाच मापाचे. तरी आवाज मोठा केला, किंवा त्यातला वरच्या पट्टीतला भाग तेवढा वाढवला, की खाणारे म्हणायचे, हा जास्त कुरकुरीत आहे, जास्त ताजा आहे. वेफर तोच, फरक फक्त कानात.

यावरून तुमचे यजमान म्हणतील, बघा, भूलच आहे. त्यांना माझी एक चूक सांगा.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका बेकरीसाठी मी खारीची जाहिरात लिहिली होती. रेडिओवर लागायची. एका वाक्यात तीन वेळा कुरकुर येईल अशी ओळ होती, आणि ती लोकांच्या तोंडी बसली. जाहिरात मे महिन्यात सुरू झाली. जूनमध्ये पाऊस आला आणि कागदी पुड्यातली खारी सादळायला लागली. दरवर्षी सादळायची, दरवर्षी लोक ती मुकाट्यानं चहात बुडवून खायचे. त्या वर्षी मात्र गिऱ्हाइकं दुकानात येऊन माझी ओळ म्हणून दाखवायची आणि मालकांपुढे पुडा उघडायची. मालकांनी मला बोलावून घेतलं. ते काहीच बोलले नाहीत, एक खारी माझ्या हातात दिली. ती मोडायला गेले तर मोडली नाही, वाकली. मी लोकांना खारीचा आवाज ऐकायची सवय लावली होती, आणि खारीत आवाज नव्हता. त्या दिवसापासून पदार्थ तोंडात घातल्याशिवाय मी त्याच्यासाठी एक शब्दही पक्का धरलेला नाही, आणि तो चार दिवस ठेवून पुन्हा खाल्ल्याशिवाय लिहिलेला शब्द छापू दिलेला नाही.

तेव्हा नादाला ताकद आहे. तिच्यामुळे गिऱ्हाईक पहिलं पाकीट घेतं, आणि तिच्याच मापानं आतला माल मोजतं. माल चांगला असला की झालं हे यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चांगल्या मालाला त्याचा स्वतःचा शब्द मिळाला पाहिजे, हे उरलेलं अर्धं.

आता शब्दांकडे. मराठीला यात कुणाकडे हात पसरायची गरज नाही. कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, कडक, भुसभुशीत, ठिसूळ : सगळं तुटणारंच, पण प्रत्येकाचं तुटणं निराळं. कुरकुरीत पदार्थ दाताखाली वाजतो. खुसखुशीत वाजत नाही, दाबला की खुस्स करून विरतो. म्हणून चकली कुरकुरीत आणि करंजी खुसखुशीत. करंजीला कुणी कुरकुरीत म्हटलं तर जाणत्या बायकांच्या मनात येतं, मोहन कमी पडलं वाटतं. इतका बारीक निवाडा आपल्या भाषेत आधीच झालेला आहे, आणि तो स्वयंपाकघरात झालेला आहे.

खुसखुशीत या एकाच शब्दाकडे जरा थांबून बघा. मूळ आवाज खुसखुस, दोन्हीकडे स. पण पुढे ‘ईत’ लागला की दुसऱ्या ‘स’चा ‘श’ होतो. लुसलुस-लुसलुशीत, भुसभुस-भुसभुशीत, तसंच हे. आधी कोरडा स, मग मऊ श. मोठ्यानं म्हणा : खुस, खुशीत. पहिल्या तुकड्याला पदार्थ मोडतो, दुसऱ्याला विरघळतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, मराठीत पुढे ‘ई’ आली की ‘स’चा सहसा ‘श’ होतो. पण पाकिटावर हा शब्द छापलात, की वाचणाऱ्याच्या जिभेवर ती मोडण्या-विरघळण्याची हालचाल होऊन जाते, मनातल्या मनात वाचलं तरी.

त्याच साच्यात गिळगिळीत, बुळबुळीत, मिळमिळीत, पचपचीतही बसतात. तेव्हा शब्द दुहेरी झाला म्हणून तो गोडच लागेल असं नाही. अक्षरं कोणती, हे बघावं लागतं.

अक्षराचा आणि आकाराचा काही संबंध आहे, हे जगभर दिसलंय. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ साली दोन आकृत्या मांडल्या, एक गोलसर आणि एक टोकदार, आणि टाकेटे, बालूमा अशी दोन निरर्थक नावं दिली. टाकेटे म्हणजे टोकदार, हे बहुतेकांना न सांगता पटलं. २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी किकी आणि बूबा या नावांनी तसंच करून पाहिलं, तेव्हा शंभरातल्या ९५ जणांनी टोकदार आकृतीला किकी म्हटलं. १९२९ सालीच अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी विचारलं होतं की मिल आणि माल ही दोन टेबलांची नावं असतील, तर मोठं टेबल कोणतं? बहुतेकांचं उत्तर माल. आणि २००४ साली एरिक यॉर्कस्टन आणि गीता मेनन यांनी एका काल्पनिक आइस्क्रीमला दोन नावं देऊन पाहिली. फ्रिशपेक्षा फ्रॉश हे नाव ऐकणाऱ्यांना ते आइस्क्रीम जास्त दाट, जास्त साईदार असेल असं वाटलं.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही, कारण तुमच्या फडताळातच सुरा आणि सुरी आहे, डबा आणि डबी आहे. ‘आ’ म्हणताना तोंड मोठं होतं आणि वस्तूही मोठी, ‘ई’ म्हणताना तोंड बारीक आणि वस्तूही लहान. गाडा-गाडी, हातोडा-हातोडी. नियम मात्र समजू नका, कारण हत्तीही ‘ई’वरच संपतो. पण एक फायदा सरळ घेता येईल. पन्नास ग्रॅमला आणि अर्ध्या किलोला तुम्ही ‘छोटं पाकीट’ आणि ‘मोठं पाकीट’ म्हणता ना? त्यांना ‘पुडी’ आणि ‘पुडा’ म्हणा. दोन्ही शब्द तुमच्याच गल्लीतले आहेत, आणि माप उच्चारातच कळतं.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रातही हा विचार आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटानं माधुर्य म्हणजे गोडवा आणि ओज म्हणजे जोर, या गुणांना कोणती अक्षरं साथ देतात ते नोंदवलंय. माधुर्याला आपल्याच वर्गाच्या अनुनासिकाशी जोडलेली व्यंजनं हवीत, म्हणजे ंग, ंद, ंज, पण ट-ठ-ड-ढ नकोत. ओजाला तेच ट-ठ-ड-ढ हवेत, जोडाक्षरं हवीत, श-ष हवेत. आता ठेचा, ठसका, तिखट हे शब्द म्हणा, आणि मग सुगंध, मंद, चंदन म्हणा. जिभेला फरक कळतो.

आणि मग ‘भडंग’ म्हणा. आधी ‘भ’, छातीतून निघालेला. मग ‘ड’, जीभ टाळ्यावर आपटते. शेवटी ‘ंग’, आणि आवाज नाकात घुमतो. आधी तिखटाचा दणका आणि मागून तळलेल्या लसणीचा वास. तुमच्या पदार्थाच्या नावात ओजही आहे आणि माधुर्यही आहे, ताई. भाच्यानं त्याच्यापुढे चार विशेषणं लावली आणि नावाचाच आवाज दाबून टाकला.

भाच्याच्या ओळीबद्दल सविस्तर सांगते, कारण त्याचा कान चांगला आहे आणि तो शिकतोय. एक अक्षर दोनदा आलं की कानाला सुखावतं, तिसऱ्यांदा चालून जातं, चौथ्यांदा आलं की लिहिणाऱ्याची खटपट ऐकू येते. शिवाय चटकदार, चटपटीत हे जीभ टाळ्याला लागून सुटल्याचे आवाज आहेत. ते आंबटाचे शब्द आहेत. भेळेला, पाणीपुरीला, चिंचेच्या गोळीला ते शोभतात. भडंगात सहसा ना चिंच ना लिंबू. ते शब्द वाचून ज्याच्या तोंडाला पाणी सुटलं, त्याला आत लसूण सापडणार. लसूण कितीही छान असली तरी त्याची जीभ दुसऱ्याच चवीसाठी तयार झालेली असणार.

आणखी एक बारकावा आहे, जो कागदावर दिसत नाही. मराठीत ‘च’ एकच लिहितो, पण उच्चार दोन आहेत. चोरातला च दाताजवळचा, चिमणीतला च टाळूचा. ‘चवदार चिवडा’ पाहताना अनुप्रास वाटतो, पण चवदारमधला च चोरातला आणि चिवड्यातला च चिमणीतला. कानाला ती दोन वेगळी अक्षरं ऐकू येतात आणि अनुप्रासाची पायरी चुकल्यासारखं होतं. ‘ज’चंही तसंच आहे : जरा म्हणताना एक, जीभ म्हणताना दुसरा. म्हणून अनुप्रास कधी डोळ्यांनी जुळवू नये.

पण त्याच ओळीत त्यानं एक फार सुरेख गोष्ट साधलीय, कदाचित नकळत. ‘घास जास्त’. आस-आस. आणि ‘चार’मधला च पुन्हा चिमणीतलाच आहे. म्हणजे ‘चवदार’ तेवढं काढून टाकलं, की “चिवडा. चार घास जास्त.” एवढंच उरतं, आणि ते अस्सल आहे. चिवड्यातला च चारमध्ये पुन्हा वाजतो, घास जास्तमध्ये वाजतो, आणि चिवड्याला कुणी चवदार म्हणायची गरज उरत नाही. त्याला सांगा, हे त्याच्या नावावर छापा.

तुमच्या जुन्या वाक्याचं काय झालं तेही बघू. उत्कृष्ट, दर्जा, स्वच्छतापूर्वक, खाद्यपदार्थ, योग्य, उपलब्ध. मी मोजली, दहा जोडाक्षरं आहेत. प्रत्येक ठिकाणी जीभ अडते. हे कचेरीतल्या फलकाचे शब्द आहेत, ते वाचून कुणाला भूक लागत नाही. स्वच्छता सांगायची असेल तर करता ते सांगा. चुरमुरे चाळून घेता ना? मग ‘चुरमुरे चाळून’ लिहा. तीन वेळा चाळत असाल तर ‘तीनदा चाळून’ लिहा. स्वच्छता तिथे दिसते, आणि चाळणीचा आवाजही येतो. एक विचाराल : मुंबईचे लोक कुरमुरे म्हणतात, मग काय लिहू? चुरमुरेच लिहा. मुंबईकराला कळतं, आणि तुमच्या गावाचा आवाज पाकिटावर राहतो.

आता यमक. इथे मात्र तुमची फसवणुकीची शंका खरी ठरू शकते, म्हणून जपून.

२००० साली अमेरिकेत मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबक्ष यांनी लोकांना अनोळखी म्हणी दाखवल्या. काही यमक असलेल्या, काही त्याच अर्थाच्या पण यमक मोडलेल्या. म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल कितपत खरं सांगते, एवढंच विचारलं. यमकाच्या म्हणी लोकांना जास्त खऱ्या वाटल्या. अर्थ तोच असूनही. आपल्यालाही ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ हे वाद न घालता पटतं, आणि ‘एकतर चांगलं जेवीन, नाहीतर जेवणार नाही’ म्हटलं की कुणीतरी विचारतं, का बुवा? पण त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं : शब्दांची घडण बाजूला ठेवून फक्त अर्थ बघा, असं आधी सांगितलं की यमकाचा तो प्रभाव कमी व्हायचा. म्हणजे माणूस सावध असला की यमकाच्या पलीकडे बघतो. बेसावध असताना मात्र यमक त्याच्या मनात पुराव्याच्या जागी जाऊन बसतं.

म्हणून माझी एक मर्यादा आहे, तीच तुम्हाला सांगते. चवीबद्दल यमक करा, तब्येतीबद्दल कधीही करू नका. चव गिऱ्हाईक पहिल्या घासाला तपासून घेतं, तिथे यमकानं काही लपत नाही. पण “शेंगदाण्याची चटणी, आजारांची छाटणी” अशी ओळ कुणी सुचवली, तर ती कितीही चपखल वाजली तरी फाडून टाका. ते खरं आहे की नाही हे खाणाऱ्याला घरी कळणार नाही, आणि यमक त्याला वाटायला लावेल की ते सिद्धच झालंय. कायद्यानंही ते चालत नाही. अन्नपदार्थांच्या जाहिरातींबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८चे नियम आहेत. आरोग्याच्या दाव्याला त्यात आधार लागतो. ताजं, नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांनाही अटी आहेत, आणि घरी बनवलेलं अशा अर्थाचे गैरसमज करणारे शब्द वापरू नयेत असंही त्यात आहे. तुम्ही खरोखर घरी करत असलात तरी ‘घरगुती’ छापायच्या आधी अन्न आणि औषध प्रशासनाच्या सांगलीच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. पाकिटं छापून झाल्यावर विचारण्यापेक्षा ते स्वस्त.

यमकाच्या पोटात खरा मुद्दा असला, तर ते फार दूर जातं. विकोची जाहिरात आठवत असेल, ‘टर्मरिक’ला ‘नहीं कॉस्मेटिक’चं यमक होतं. ते नुसतं कानाला गोड म्हणून नव्हतं. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन आहे की आयुर्वेदिक औषध, यावर त्या कंपनीचा अबकारी कराचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालू होता. कंपनीची सगळी बाजू दोन शब्दांच्या त्या यमकात मावली होती.

मराठीत यमकाची एक अडचण मात्र आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि क्रियापदांची शेपटं सारखी असतात : खाल-राहाल, घेता-येता. म्हणून यमक फार स्वस्तात मिळतं, आणि प्रचाराच्या रिक्षेसारखं वाजतं. यमक नामावर किंवा विशेषणावर आणावं. तुपाशी-उपाशी तसंच आहे, यमकाचे शब्द हेच अर्थाचे शब्द आहेत. आणि तुम्हाला ते शोधायला कुठे जावं लागत नाही, कारण भडंगाचं यमक भाषेनं तुमच्या पदरात आधीच टाकलंय :

खमंग भडंग.

म्हणून बघा. ‘ख’ला घसा उघडतो, ‘मंग’ला हवा नाकातून जाते. खमंग हा वासाचा शब्द, आणि तो उच्चारताना नाकच घुमतं. लगेच मागून भडंगाचं ‘ंग’ तिथेच घुमतं. दोन शब्द, दोन्ही खरे. याच्यापुढे उद्गारचिन्हसुद्धा लागत नाही.

त्याच्या खाली मी बारीक अक्षरांत असं लिहीन :

तीनदा चाळलेले चुरमुरे, ठेचलेली लसूण, ठसका बेताचा.
उघडलंत की संपवा. ठेवलंत तर सादळेल.

‘ठेचलेली’ आणि ‘ठसका’ यांतला ठ मुद्दाम आहे, पण लसूण ठेचत असाल तरच. मिक्सरला लावत असाल तर ‘वाटलेली’ लिहा. चटणीचंही तसंच. ‘उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी’ म्हटलं की ‘उखळात’ आणि ‘कुटलेली’ या दोन शब्दांत मुसळ पडल्याचा ठोका येतो आणि दाण्याचा जाडसरपणा दाताला जाणवतो. उखळ नसेल तर तो ठोका तुमचा नाही. मग ‘जाडसर भरडलेली’ म्हणा, भरडमधला ‘र’ आणि ‘ड’सुद्धा पुरेसा खरखरीत आहे. शेवटची ओळ, सादळेल म्हणणारी, छापू नका असं तुम्हाला चार जण सांगतील. छापा. जो पदार्थ हवेनं सादळतो तो आधी कुरकुरीत होता, हे त्या ओळीतून न सांगता कळतं, आणि माझ्या त्या खारीसारखी वेळ तुमच्यावर येणार नाही.

मजकूर ठरला की तो डोळ्यांनी तपासू नका. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरूनच. त्या कामात मुरलेल्या माणसांनी मला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे, की आपण लिहिलेलं आपण वाचायचं नाही, दुसऱ्याला वाचायला द्यायचं आणि आपण पाठ फिरवून बसायचं. तुमच्या मदतीच्या दोन बायकांपैकी एकीला कागद द्या, आधी काही सांगू नका, मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे ती अडखळेल तिथला शब्द बदला. मग संध्याकाळी दुसरीला विचारा, सकाळी काय वाचलं होतं? जे तिला आठवेल तेवढंच पाकिटावर मोठ्या अक्षरांत जाऊ द्या.

अनारशांचं उरलं. त्यांना भडंगाचा एकही शब्द लावू नका. अनारसे या नावात कुठे ठोका नाही, सगळे मऊ स्वर आणि न-र-स. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं, मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे आणि हसू न देता, म्हणजे तुपात विस्कटू न देता, जाळी पाडायची. इतक्या धीराच्या पदार्थाला हळू आवाजच शोभतो. माझ्या मनात “वर खसखस, आत खुसखुस” असं येतंय. पण हे मी तुमचे अनारसे न खाता लिहितेय, म्हणून ते अजून पक्कं धरू नका. यंदाचा पहिला घाणा उतरला की एक अनारसा गार होऊ द्या, यजमानांना द्या, आणि ते खात असताना गप्प बसून ऐका. खुस्स झालं तर छापा. वाजला तर मला कळवा, दुसरा शब्द शोधू.

तुमची,
ताई